फाटकाबाहेर काय नेता येतं

१९३९ सालचा जुलै. जालन्याच्या फलाटावर तुम्ही मनमाडच्या गाडीची वाट पाहत उभे आहात. दुपारी सडकून पाऊस झालाय. पेरण्या उरकल्यात, कापसाचा हंगाम कधीच सरलाय, त्यामुळे जिनिंगचे भोंगे गप्प आहेत आणि स्टेशनाबाहेर टांगेवाले नुसते बसून आहेत. पाट्या उर्दूत आहेत, कारण जालना अजून निजामाच्या राज्यातला, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका आहे. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडेल. तुमच्या खिशात हाली रुपये आहेत. मनमाडला उतरलं की ते कामाचे नाहीत, तिथे इंग्रजांचे कलदार लागतात. सात हाली मोजले की साधारण सहा कलदार हातात पडतात. राज्य ओलांडतानाच तुमची ऐपत थोडी कमी होते.

तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात. तुम्हाला सिनेमात जायचंय.

घरी हे बोललेलं नाही. गेल्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या कॉलेजातल्या मुलांनी वंदे मातरम् म्हणू देत नाहीत म्हणून बहिष्कार पुकारला, तेव्हापासून घरच्यांना तरण्या पोरांची धास्तीच वाटते. पुण्याला शिकायला जातो म्हटल्यावर त्यांना उलट हायसं वाटलं. तुमच्या डोक्यात मात्र ‘कुंकू’ आहे. प्रभातचा तो बोलपट तुम्ही पाहिला आणि त्यातली नीरा मनातून जाईना. म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधली गेलेली ती पोर त्याला नवरा मानायलाच नकार देते. रडत नाही, विहीर जवळ करत नाही, तोंडावर नाही म्हणते. पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे तिचा प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो. ती शांता आपटे. स्वतः बोलते, स्वतः गाते, आणि गाताना पुतळ्यासारखी उभी राहत नाही. हात, डोळे, मान, सगळं गाण्यात असतं.

मीटरगेजची गाडी हळूहळू मनमाड गाठते. तिथून मोठ्या रुळांवरची गाडी, मग नगर, मग दौंड. पुण्यात उतरेपर्यंत कपडे अंगावरच वाळलेले आहेत. टांगेवाल्याला नुसतं प्रभात म्हणायचं, पुढचं त्याला ठाऊक असतं. डेक्कन जिमखाना मागे पडतो, बंगले विरळ होतात, टेकडीच्या पायथ्याशी स्टुडिओ दिसू लागतो. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली ही कंपनी १९३३ मध्ये इथे आली. तुम्ही मनाशी वाक्यं जुळवता: आवाज चांगला आहे, पेटीवर गाता येतं, उर्दूही येतं, हिंदी बोलपटाला उपयोगी पडेल.

आणि फाटकापाशी तुम्हाला शांता आपटे दिसते. ती उपोषणाला बसलेली आहे.

इथे जरा थांबा. गर्दीत मागे उभे राहून नीट पाहा, कारण असं दृश्य हिंदुस्थानातल्या सिनेमाने याआधी पाहिलेलं नाही. चारच महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये, गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं. तेच हत्यार एका नटीने आपल्या कंपनीच्या दारात उपसलंय. वाद पगाराचा आहे आणि कराराचा आहे. विशीतली ही बाई या कंपनीसाठी ‘अमृतमंथन’मध्ये गायली, ‘अमरज्योती’त, ‘कुंकू’त, ‘गोपालकृष्ण’मध्ये दिसली. तिच्या नावावर तिकिटं खपतात. पण ती कंपनीची पगारदार आहे. महिन्याचा पगार घ्यायचा, कंपनी सांगेल ते काम करायचं, मुदत संपेपर्यंत दुसरीकडे पाऊल टाकायचं नाही. प्रभात तिची आहे की ती प्रभातची, हा प्रश्न पावसात रस्त्यावर येऊन बसलाय.

तुमच्या शेजारी उभे असलेले लोक दोन्ही बाजूंनी बोलतायत. कुणी म्हणतं, हिला ओळखत कोण होतं? कंपनीने घडवली. कुणी म्हणतं, कंपनीने घडवली मग गळाही कंपनीनेच दिला का? ऐकणाऱ्याला दोन्ही वाक्यं खरी वाटतात. खरं म्हणजे शांता आपटे प्रभातमध्ये कोरी पाटी म्हणून आलीच नव्हती. १९३२ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये तिने काम केलं होतं, गाणं शिकून आली होती, आणि तिचे व्यवहार भाऊ बाबूराव आपटे पाहत. पण नीरा तिला प्रभातने दिली, हेही नाकारता येत नाही. नारायण हरी आपट्यांची कादंबरी निवडणारे, तिच्यासमोर केशवराव दात्यांसारखा कसलेला नट उभा करणारे, पार्श्वसंगीत काढून टाकण्याची छाती असलेले लोक नसते तर तो नकार इतका धारदार ऐकू आला नसता.

मला विचाराल तर त्या दिवशी फाटकाच्या आत कुणी दुष्ट माणसं बसलेली नव्हती. म्हणून तर ही गोष्ट सांगायची. दुष्ट मालकाची गोष्ट लवकर संपते. चांगल्या मालकाकडे काम करणाऱ्या तरुण नटाचं काय होतं, हे समजून घ्यायला वेळ लागतो.

फाटकातून आत शिरा. आत शिस्त आहे. कामाच्या वेळा ठरलेल्या आहेत, पगार वेळेवर होतो, आणि त्या काळच्या धंद्यात हे दुर्मिळ आहे. कंपनीच्या मालकांपैकी दामले आणि फत्तेलाल आपल्या विभागांत स्वतः हात काळे करतात. इथे पाटीवर कंपनीचं नाव मोठं, नटाचं लहान. गौरी नावाची बाई कंपनीत किरकोळ कामं करायची. ‘संत तुकाराम’मध्ये तिला आवली दिली, आणि शेण थापणारी, तुकोबावर करवादणारी ती बायको साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीची झाली. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस आधी नाटकात स्त्रीभूमिका करणारे. माणसातलं न दिसणारं काही पाहणं, हे या लोकांचं खरं कसब. तो बोलपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला, यात त्या नजरेचा वाटा मोठा आहे.

पण ती नजर प्रत्येक वेळी लागू पडते असंही नाही. १९३५ च्या ‘धर्मात्मा’चा सेट पाहा. बालगंधर्व एकनाथ झालेत, तुमच्या जालन्यापासून फार लांब नसलेल्या पैठणचे एकनाथ. सबंध आयुष्य शालू नेसून समोरच्या श्रोत्यांची दाद घेत गायलेला माणूस आता पुरुषवेषात, दिव्यांच्या उष्णतेत, समोर एकही प्रेक्षक नसताना तुकड्यातुकड्याने अभिनय करतोय. एका बोलपटानंतर त्यांनी प्रभात सोडली आणि पुन्हा रंगमंचाकडे वळले. त्यांना सोडता आलं, कारण त्यांच्याकडे परत जायला रंगमंच होता आणि गळा होता.

ही गोष्ट लक्षात ठेवा आणि मागे चला. चौदा वर्षं मागे, कोल्हापूरला.

१९२५. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ‘सावकारी पाश’चं चित्रण चालू आहे. मूकपट आहे, कथा नारायण हरी आपट्यांचीच. ज्यांनी पुढे नीरा लिहिली त्यांनी आधी हा कर्जात बुडालेला शेतकरी लिहिला. शेतकऱ्याचं काम करणारा चोवीस वर्षांचा पोरगा म्हणजे शांताराम वणकुद्रे. कंपनीत पडेल ते काम करत करत तो इथवर आलाय. जमीन सावकाराच्या घशात जाते, तरुण शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. जालना, भोकरदन, घनसावंगीकडच्या माणसाला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. अंगठा उठवल्यावर जमिनीचं काय होतं हे त्याच्या आज्याने पाहिलेलं असतं.

बाबूराव पेंटर मोठे कलावंत. कॅमेरा स्वतः बनवणारे, पडदे रंगवणारे, माणसं ओळखणारे. त्यांच्या हाताखाली शांताराम शिकले, दामले शिकले, फत्तेलाल, धायबर शिकले. आणि मग एके दिवशी हे चौघं गुरूची कंपनी सोडून बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णींनी भांडवल दिलं आणि १ जून १९२९ रोजी प्रभात उभी राहिली.

म्हणजे १९३९ साली फाटकाच्या आत असलेली माणसं दहा वर्षांपूर्वी स्वतःच एका फाटकातून बाहेर पडलेली होती. आणखी तीन वर्षांनी, १९४२ मध्ये, शांताराम प्रभातही सोडतील आणि मुंबईत राजकमल उभारतील. सोडून जाणं ही आपल्याकडच्या नाटकसिनेमाची जुनी रीत आहे. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह बाहेर पडून त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मास्टर दीनानाथ किर्लोस्करांतूनच निघाले आणि १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी झाली. गुरूच्या घरून निघालेला प्रत्येक जण पुढे स्वतः मालक झाला, नवी पोरं धरली, तालीम दिली, पानात वाढलं, आणि ती पोरं निघायला लागली की त्यालाही वाईट वाटलं.

एकदा नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात डोकावून पाहा. फार वेळ नको. पहाटे रियाज, दुपारी तालीम, रात्री खेळ, मग उशिरा पंगत. घरून पळून आलेली, नाहीतर गरिबीमुळे घरच्यांनीच आणून सोडलेली दहाबारा वर्षांची मुलं. मालक हाच बाप, हाच गुरू, हाच पोशिंदा. मुलगा स्त्रीपार्ट करत असेल तर सगळ्यांचं लक्ष त्याच्या गळ्याकडे. एके दिवशी आवाज फुटतो, आणि कालपर्यंत नायिका असलेलं पोर आज पडदा ओढायला उभं राहतं. ज्याचा आवाज त्यातूनही टिकला त्याच्या हातात काहीतरी राहिलं. बाकीच्यांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत.

आता मुंबईला या, ग्रँट रोडला, १९१२ सालाच्या अखेरीस. एका खानावळीत अण्णा साळुंके नावाचा बारीक अंगकाठीचा तरुण स्वयंपाकाचं काम करतोय. पगार महिना १० रुपये. दादासाहेब फाळके बाई शोधून थकलेत. नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकाही कॅमेऱ्यापुढे यायला तयार नाहीत. फाळक्यांची नजर साळुंक्यांच्या हातांवर जाते. १५ रुपये देतो म्हणतात. आणि पाच रुपयांच्या वाढीवर खानावळीतला आचारी ‘राजा हरिश्चंद्र’ची तारामती होतो. दादरच्या घरात सगळा कबिला जेवतो, सरस्वतीबाई फाळके इतक्या माणसांचा स्वयंपाक करून रात्री फिल्म धुतात. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन थिएटरात बोलपटाच्या कितीतरी आधीचा हा मुका खेळ लागतो. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर साळुंके राम आणि सीता दोन्ही होतात.

पडद्यावर साळुंक्यांना आवाज नव्हता. करार मोडून दुसरीकडे जायला तेव्हा दुसरी कंपनीही फारशी नव्हती. मग या माणसाने फाळक्यांकडून स्वतःसाठी काय मिळवलं? तो कॅमेरा शिकला. पुढे छायाचित्रणाची कामं त्याने केली. चेहरा जुना होतो, तारामतीला बायका मिळू लागतात, पण हातात आलेलं कसब कुणी काढून घेऊ शकत नाही. फाळक्यांच्या घरून निघताना साळुंक्यांच्या हातात काहीतरी होतं, आणि ते फाळक्यांनीच दिलं होतं. निर्मात्याने तरुण नटाला घडवणं म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

१९३९ ला परत या. पाऊस थांबलाय. शांता आपटेंचं उपोषण सुटतं, पण तुटलेलं जुळत नाही. ती प्रभात सोडते. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, ‘जाऊ मी सिनेमांत?’ नावाचं तिचं पुस्तक येतं. या धंद्याच्या आत माणसांचं काय होतं हे एका नटीने स्वतःच्या नावाने मराठीत छापून आणलं. तुमच्यासारख्या, ट्रंक घेऊन फाटकापाशी येणाऱ्या पोरापोरींना तिने तो प्रश्न विचारलाय. आणि ती थांबत नाही. १९४१ मध्ये मद्रासकडे जाऊन तमिळ ‘सावित्री’त सावित्री होते, त्यासाठी तमिळ शिकते; त्या बोलपटात नारदाचं काम एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी केलंय. १९४२ मध्ये लाहोरचा ‘जमीनदार’. मनमाडच्या पलीकडे तुमचे हाली चालत नाहीत, पण तिची पत फाटकाबाहेर कमी झाली नाही, कारण ती पत गळ्यात होती. पार्श्वगायनाचा जमाना अजून पुरता आलेला नव्हता. दिसणारी आणि गाणारी एकच होती, आणि निघाली ती सबंध निघाली.

कंपनीचं तरी काय बिघडलं? फारसं नाही. नवी माणसं येत राहिली. १९४५ च्या सुमारास त्याच आवारात पंजाबातून आलेला एक देखणा पोरगा दिसेल, महिना ४०० रुपयांवर तीन वर्षांसाठी बांधला गेलेला. त्याच काळात नृत्य शिकून आलेला आणखी एक जण तिथे तीन वर्षांच्या करारावर आहे. देव आनंद आणि गुरुदत्त. ‘हम एक हैं’ १९४६ चा. प्रभात तोवर उतरणीला लागली होती, म्हणून या दोघांना सुटायला उपोषण करावं लागलं नाही. १९४९ मध्ये देव आनंदने भावाबरोबर नवकेतन काढली आणि गुरुदत्तला ‘बाजी’ दिला, तो १९५१ मध्ये आला. प्रभातच्या आवारातली ती मैत्री होती. पगाराच्या वहीत तिची नोंद कुठे असणार? पुढे १९६० मध्ये त्याच जागेत सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली, आणि आजही जालन्याचा एखादा मुलगा तिथे प्रवेश घ्यायला त्याच रस्त्याने जातो.

आता एक लांबची उडी घ्या. २०१८, चीनच्या चच्यांग प्रांतातलं हेंगदियान. एका उद्योगसमूहाने १९९६ पासून उभारलेलं हे चित्रनगर. राजवाडे, किल्ले, जुन्या गल्ल्या, सगळं चित्रीकरणासाठी बांधलेलं. जालन्यात मोबाइलवर हिंदीत डब केलेल्या चिनी मालिका पाहणाऱ्या मुलीला हे दरवाजे पाठ असतात. यू झेंग नावाचा लेखक-निर्माता ‘स्टोरी ऑफ यानशी पॅलेस’ घेऊन आलाय. ७० भाग, आणि त्या उन्हाळ्यात सारा चीन ती मालिका पाहतोय. नायिका वू जिन्यान मूळची बॅले शिकलेली, शू काय मॉडेलिंगमधून आलेला. दोघंही त्याच्याच कंपनीच्या कराराखालचे, तोवर फारसे कुणाला माहीत नसलेले. पद्धत अशी की एका मालिकेत नव्या चेहऱ्याला दुय्यम भूमिकेत लोकांच्या नजरेत आणायचं, तिथे रुजला की पुढच्या मालिकेत नायक करायचं, आणि त्याच्या जोडीला कंपनीचाच आणखी नवा चेहरा द्यायचा. ‘यानशी’नंतर शू कायला बाय लूबरोबर नायक म्हणून आणलं गेलं, तीही त्याच घरातली. प्रभातच्या एखाद्या जुन्या नोकराला इथे आणलं तर त्याला भाषा सोडून सगळं समजेल.

बाहेर पडण्याची रीतही तीच. २०११ मध्ये यू झेंगच्या ‘पॅलेस’ मालिकेने नटी यांग मीला घराघरांत नेलं. पुढे ती स्वतः भागीदार होऊन कंपनी चालवू लागली आणि दिलराबा दिलमुरातसारख्या मुलींना तिने पुढे आणलं. नटनट्यांच्या मानधनाचे आकडे फुगले तेव्हा २०१८ मध्ये सरकारने मर्यादा घातली: सगळ्या कलाकारांचं मिळून मानधन निर्मितीखर्चाच्या ४० टक्क्यांच्या आत, आणि मुख्य कलाकारांचं त्यातल्या ७० टक्क्यांच्या आत. पैशाचा हिशेब त्यांनी नियमाने बांधला.

पण संकलनाच्या खोलीत एक गोष्ट बघा, मला ती पैशापेक्षा महत्त्वाची वाटते. पडद्यावर नायक बोलतोय आणि आवाज दुसऱ्याचा आहे. चिनी मालिकांत ही नेहमीची पद्धत आहे. चित्रीकरणाच्या जागी गोंगाट, नटाचे उच्चार त्याच्या प्रांताचे, निर्मात्याला हवी प्रमाण चिनी. मग व्यावसायिक आवाज-कलाकार येऊन सगळे संवाद पुन्हा बोलतात. त्यांचं काम उत्तम असतं, शंकाच नाही. पण विशीतल्या नटाचा चेहरा देशभर पोचतो आणि त्याचा आवाज त्याच्या गावच्या लोकांखेरीज कुणी ऐकलेला नसतो. तो उद्या कंपनीच्या फाटकातून निघाला तर लोकांच्या कानात जो आहे तो निघतच नाही. शांता आपटेला हे सांगितलं असतं तर तिने काय म्हटलं असतं, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे मालिकांत डबिंगची इतकी सवय नाही, पण जालन्याच्या पोराला मुंबईत ऑडिशनला पहिली सूचना भाषेबद्दलच मिळते. जरा साफ बोल. “काय करायला” नको, “काय करतोस” म्हण. ‘लागिरं झालं जी’सारख्या मालिकेने २०१७ मध्ये साताऱ्याकडची बोली आणि तिथलीच नवी पोरं घेतली, निर्मात्या श्वेता शिंदे यांनी ती हिंमत दाखवली, आणि लोकांनी ती मालिका उचलून धरली. मराठवाड्याची बोली मात्र पडद्यावर अजून बहुतेक वेळा हशा पिकवायला लागते. नायकाने प्रमाण बोलायचं, नोकराने जालन्याचं. हे मला बोचतं, आणि ते बोचलंच पाहिजे.

म्हणून शेवटी जालना जिल्ह्यात या. घनसावंगी तालुका, जांबसमर्थ. समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून लोक इथे येतात. तुम्ही २०१२ मध्ये आलाय, आणि तुम्हाला तालीम बघायचीय.

राजकुमार तांगडे हे इथले शेतकरी आणि नाटककार. विजेच्या तारांवर टाकल्या जाणाऱ्या आकड्यांवर त्यांनी ‘आकडा’ लिहिलं होतं. ज्याच्या मोटारीला कधीच पुरता वीजपुरवठा मिळाला नाही त्यानेच लिहावं असं नाटक. आता ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ बसतंय. मूळ कल्पना, गाणी आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं. यम शिवाजीराजांना न्यायला येतो, राजे निघतात, पण त्यांचे विचार इथेच राहतात. मग जिरेटोपात मावेल असं डोकं शोधत यम फिरतो. नट बहुतेक गावाकडचे, रानात राबणारे. दिग्दर्शक नंदू माधव, मराठवाड्यातलेच. तीन वर्षांपूर्वी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त त्यांनी दादासाहेब फाळक्यांचं काम केलं. खानावळीतल्या आचाऱ्याकडे पाहून त्यात तारामती ओळखणारा माणूस त्यांनी अंगावर वागवला, आणि आता ते वखर सोडून आलेल्या पोरांकडे पाहतायत.

तालमीत काय चाललंय ते जवळून ऐका. एक वाक्य पुन्हा पुन्हा घेतलं जातंय. शब्द जालन्याचे आहेत, हेल जालन्याचा आहे, आणि त्याला कुणी हात लावत नाही. वेळ साधायची, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवायचं, समोरच्याचं ऐकून मग बोलायचं, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा, यावर मेहनत आहे. बोली घासून गुळगुळीत करण्यावर एक मिनिटही जात नाही. तुम्ही एकोणीस वर्षांचे असताना पुण्याच्या फाटकापाशी मनातल्या मनात जी वाक्यं साफ करत होता, ती इथे तशीच चालली असती.

नाटक मुंबईपुण्याला गेलं, महाराष्ट्रभर गाजलं. शहरातल्या प्रेक्षकांनी ती बोली हसण्यासाठी नाही, विचार करण्यासाठी ऐकली. नटांपैकी जालना जिल्ह्यातले कैलाश वाघमारे पुढे सिनेमात गेले. २०२० च्या ‘तान्हाजी’त दिसले, २०२४ च्या ‘गाभ’मध्ये मध्यवर्ती भूमिकेत आले. बाकीच्यांतले कुणी अभिनयात टिकले, कुणी शेतीकडे वळले. दोन्ही वाटा त्यांच्या पायाखालच्या होत्या, आणि प्रयोग नसताना कापूस वेचायला घरी येणाऱ्या नटाला कुठलाही निर्माता फार घाबरवू शकत नाही. अर्थात कापसाचे भाव पाहता त्या आधारालाही मर्यादा आहेत, हे जालन्यात कुणाला सांगायला नको.

तालीम संपलीय. एक पोरगा तुमच्याजवळ येतो, फोन पुढे करतो. मुंबईहून कुणीतरी करार पाठवलाय, मालिकेचा, तीन वर्षांचा. वाचून दाखवा म्हणतो. तुम्ही पारावर बसता आणि ओळीवर बोट ठेवून एकेक कलम वाचता. मुदत किती. या मुदतीत दुसरीकडे, नाटकातसुद्धा, काम करता येईल का. मधे सोडलं तर कोण कुणाला किती देणं लागतो. महिन्याला किमान किती दिवस काम मिळेल आणि नाही मिळालं तर पगार मिळेल का. आवाज त्याचाच राहणार का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर करारात कुठेच नाही. तो फोन परत घेतो आणि मुंबईचा नंबर लावतो, ते विचारायला.